शनिवारचा डाव, रविवारचा डाव

कुठल्याही मैदानावर पोचले की मी सगळ्यात आधी खांबाला हात लावून पाहते. खो-खोच्या मैदानाच्या दोन टोकांना दोन लाकडी खांब असतात आणि पाठलाग करणारी मुलगी त्यांना धरून वळसा घेते. एका स्पर्धेत आमची मुलगी खांबावरून अशी निसटली की थेट पंचांच्या पायांत जाऊन पडली. खांबाला खोबरेल तेल चोपडलेलं होतं. यजमान शाळेचे सर शांतपणे म्हणाले, "बाई, लाकूड तडकू नये म्हणून लावतो." त्यांच्या मुली मात्र खांबाला बोटही न लावता वळत होत्या, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तेव्हापासून माझ्या पिशवीत शिट्टी, चुना, सुतळी, सेफ्टी पिना आणि ग्लुकोजच्या पुड्यांच्या जोडीला टॉवेलचं एक जुनं फडकं असतं.

लोकांना वाटतं, पीटीच्या बाईंचं काम म्हणजे शिट्टी वाजवायची आणि सावलीत उभं राहायचं. खरं काम संशय घेण्याचं असतं. चौदा वर्षांखालच्या गटात आलेल्या समोरच्या मुलाला मिसरूड फुटलेलं दिसतं, तेव्हा संशय घ्यावा लागतो. दम्याचं सर्टिफिकेट देऊन पीटीतून सुटलेली मुलगी नवरात्रात सोसायटीच्या गरब्यात रोज पहिलं बक्षीस घेते, तेव्हाही घ्यावा लागतो. एक वडील दहावीच्या वर्षी माझ्याकडे आले आणि दार लोटून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, खेळाचे वाढीव गुण मिळतात ना, त्यात कमीत कमी धावायचा खेळ कोणता?"

मी म्हटलं, "बुद्धिबळ."

"त्याला डोकं लागतं हो," ते म्हणाले, आणि दुसरा पर्याय ऐकायला थांबले.

मध्यंतरी आम्हा शिक्षकांचं एक शिबिर झालं. एक तरुण साहेब लॅपटॉप घेऊन आले होते. त्यांनी सांगितलं की मुलांना नुसती कवायत नको, खेळात सर्जनशीलता आणा, मुलांना स्वतः डावपेच शोधू द्या. सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली आणि वेळापत्रकात मंगळवारचा तिसरा तास सर्जनशीलतेला देऊन टाकला. मनात मात्र म्हटलं, साहेब, तुम्ही कधी आमच्या शाळेत, आचोळ्याला या. इथे डावपेच शोधायची वेळच येत नाही, जे आहेत ते लपवण्यातच वेळ जातो.

लपवण्याची ही गोष्ट आता सांगते. त्याआधी ज्यांनी शाळेनंतर खो-खो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी चार ओळी. एका संघाच्या आठ जणी मधल्या पट्टीवर ओळीने उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे, पुढचीचं तिकडे. नववी पाठलाग करते. समोरच्या संघाच्या मुली तीन-तीनच्या तुकडीने आत येतात आणि बाद न होता वेळ काढतात. पळणारी बसलेल्यांच्या मधून हवी तशी आरपार जाऊ शकते. पाठलाग करणारीला खांबाला वळसा घातल्याशिवाय मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की मागेही फिरता येत नाही. पलीकडे कोणाला पाठवायचं असेल तर तिने बसलेल्या मुलीला पाठीमागून हात लावून 'खो' द्यायचा. खो मिळण्याआधी बसलेली उठली, तर फाऊल. फाऊल झाला की पाठलाग उलट दिशेला न्यावा लागतो आणि पळणारीला फुकटचा श्वास मिळतो. बाकी सगळं हुलकावणी.

पळणाऱ्यांचे ठरलेले डाव असतात. बसलेल्यांच्या मधून नागमोडी जाणं म्हणजे साखळी. खांबाजवळच्या जागेत गोल गोल फिरवत ठेवणं म्हणजे रिंग. आमची शाळा साखळीची. त्या वर्षी मी साखळीला एक नवीन वळण बसवलं होतं. तिसऱ्या मुलीपाशी आत शिरायचं असं दाखवायचं आणि चौथीपाशी शिरायचं. पावसाळाभर मुलींकडून घोटून घेतलं होतं.

शाळेचं अंगण दुचाक्यांनी भरलेलं, म्हणून आम्ही शेजारच्या चार मजली इमारतीलगतच्या मोकळ्या प्लॉटवर सराव करायचो. ऑगस्टमध्ये वसईकडच्या एका शाळेशी मैत्रीपूर्ण सामना झाला. त्यांचे प्रशिक्षक राऊतसर तरुण, हुशार आणि गोड बोलणारे. गोड बोलणारा प्रशिक्षक मला आवडत नाही. सामना सुरू झाला. आमची मुलगी तिसरीपाशी हूल द्यायची तेव्हा त्यांची तिसरी हलतच नव्हती. चौथी मात्र टाचा उचलून तयार असायची. एकदा झालं असतं तर योगायोग म्हटला असता. प्रत्येक तुकडीला हेच झालं.

डाव फुटला होता. कोणी फोडला?

बोट दाखवायला लोकांना वेळ लागला नाही. आमच्या संघात दर्शना नावाची, वसईकडच्या राजोडी गावची मुलगी होती. वडील मासेमारी करणारे. शाळेसाठी ती आचोळ्याला मामाकडे राहायची आणि शनिवारी दुपारी गावी जायची. तिची आतेबहीण नेमकी राऊतसरांच्या संघात. आमची कर्णधार सिद्धी त्या इमारतीच्याच तळमजल्यावर राहायची. तिच्या आई मला गेटपाशी गाठून म्हणाल्या, "मॅडम, आम्ही कोणाचं नाव घेत नाही. पण ती मुलगी तिकडचीच ना? रक्ताचं नातं ते. तुम्ही बघा काय ते."

नाव न घेता एवढं सांगता येतं.

मला हेही माहीत होतं की मामीने दर्शनाला ठेवून घेतलं होतं ते खेळापायी. संघातून नाव गेलं की तिला गावी परत पाठवायचं, हे घरात बोलून झालेलं होतं. गावी गेली असती तर दहावीपर्यंत शिकली असती, खेळली नसती. म्हणजे माझ्या एका निर्णयावर तिचं मैदान अवलंबून होतं. मी तिला बाजूला घेतलं.

"आतेबहीण भेटते का गं?"

"भेटते ना बाई. शनवारी आम्ही एकाच चटईवर झोपतो."

"खेळाचं बोलता?"

"ती बोलत नाय, रडते. तिचे सर लय ओरडतात म्हनून."

"आणि तू काय सांगतेस?"

"मी सांगते, आमच्या बाई पन ओरडतात."

तिच्या चेहऱ्यावर काही दिसेना. काही न दिसणारा चेहरा खो-खोला उत्तम असतो आणि चौकशीला वाईट. मी तिला संघात ठेवलं, पण नजर तिच्यावरच ठेवली.

मग गणपती आले. सराव चालू असताना इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून एक सावंतकाकू नेहमी विचारायच्या, "बाई, मुलींना पाणी पाठवू का?" कधी लिंबाचं सरबतही खाली यायचं. या काकूंनी मला गौरीच्या हळदीकुंकवाला बोलावलं. मी साडी नेसून गेले. गौर कोकणातल्यासारखी तेरड्याची, सुंदर नटवलेली. काकूंनी पुढ्यात घावन-घाटल्याची ताटली ठेवली आणि म्हणाल्या, "बसा हो. हे आमचे जावई. मुलगी बाळंतपणाला आलीय ना, म्हणून दर शनिवारी येतात."

कोचावर मांडीवर बाळ घेऊन राऊतसर बसले होते. त्यांच्या तोंडात घावनाचा घास होता. तो बराच वेळ तोंडातच राहिला.

"तुम्ही दोघं एकाच लाइनीतले," काकू कौतुकाने म्हणाल्या. "यांना तर खेळाचं भारी वेड. शनिवारी आले की गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. चहासुद्धा तिथेच लागतो. मी म्हणते, अहो, बायको आत आहे!"

मी ताटली ठेवून गॅलरीत गेले. खाली आमचं मैदान. इतकी वर्षं मी त्या प्लॉटवर उभी राहत आले, वरून तो कधी पाहिला नव्हता. उघडीप होती म्हणून सकाळच्या चुन्याच्या रेषा अजून टिकून होत्या आणि ओल्या मातीत मुलींच्या पावलांच्या वाटा उमटल्या होत्या. तिसरीपाशी जाऊन चौथीपाशी शिरलेली प्रत्येक वाट स्पष्ट दिसत होती. खाली उभं राहिलं की नुसती धावपळ दिसते. वरून ती रांगोळीसारखी दिसते.

निघताना राऊतसर जिन्यात माझ्याबरोबर आले. "साळवीबाई, गैरसमज नको हं. स्वतःच्या सासुरवाडीच्या गॅलरीत बसायला परवानगी लागत नाही ना?"

"छे हो," मी म्हटलं, "जावयाला कोण अडवणार?" आणि दोघंही हसलो. मला हसू आलं त्याचं कारण वेगळं होतं. दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरेतो माझं ठरून गेलं होतं.

दर्शनावरचा संशय यानंतर उतरायला हवा होता. अर्धाच उतरला. ज्याला गॅलरी आहे त्याला खबऱ्या नसेलच असं कुठे आहे? म्हणून मी कोणालाच काही सांगितलं नाही. मुलींना फक्त एवढंच म्हटलं, "शनिवारी इथे साखळीचा सराव, तोही चांगला जोरात. रविवारी राजोडीच्या किनाऱ्यावर रिंगचा सराव. सामन्यात रविवारचा डाव खेळायचा. का ते विचारू नका."

त्यांनी विचारलं नाही. मला वाटलं, शिस्त आहे.

राजोडीच्या रविवारच्या सकाळी मला आवडल्या. पर्यटकांच्या गाड्या यायच्या आत आम्ही रिक्षांतून पोचायचो. दर्शनाचे वडील वल्ह्याच्या टोकाने ओल्या वाळूत मैदान आखून द्यायचे. टेपने मोजलं तर फरक बोटभर निघायचा, तो मी दुरुस्त करायची. खांब म्हणून दोन बांबू रोवायचे. एकीकडे बोंबील वाळत घातलेले, तिकडून वारा आला की आचोळ्याच्या मुली नाक धरून पळायच्या आणि दर्शना हसायची.

"बाई, पानी चढायच्या आधी आटपा," तिचे वडील सांगायचे, "मंग रेषा ऱ्हानार नायत."

मला तेच हवं होतं. इथे गॅलरी नव्हती आणि तासाभरात पुरावाही पुसला जायचा.

शनिवारी मात्र आम्ही साखळीचा असा काही देखावा करायचो की रस्त्यावरचे लोक थांबून पाहायचे.

तालुक्याच्या स्पर्धेत अंतिम सामना त्यांच्याशीच लागला. मी खांब पुसून घेतले, चुन्याच्या रेषा तपासल्या, पंचांच्या घड्याळावरही एक नजर टाकली. आमच्या पहिल्या तुकडीने रिंग धरली आणि मला दिसलं की त्यांनी आपल्या सगळ्यात चपळ मुली नेमक्या खांबांजवळच्या जागांवर बसवल्या आहेत. साखळी मोडायला निघालेला संघ असा बसत नाही. ते रिंगसाठीच तयारी करून आले होते.

रविवारही फुटला होता. आणि राजोडी कोणाचं गाव?

पहिला डाव कसाबसा तरला, कारण आमच्या मुली पाठलागात चांगल्या होत्या. मध्यंतरात सगळ्या माझ्याभोवती जमल्या. सिद्धी म्हणाली, "बाई, रविवारचंसुद्धा त्यांना माहीत आहे. कोणी सांगितलं असेल?" असं विचारताना ती माझ्याकडे पाहत होती. बाकीच्या खाली पाहत होत्या. दर्शनाकडे एकीनेही पाहिलं नाही. मला वाटलं, मैत्रिणीला सांभाळून घेताहेत.

दोरीपलीकडून सिद्धीच्या आईचा आवाज आला, "मॅडम, आता तरी तिला बसवा! राखीव मुली कशाला आणल्यात?"

शेवटची संरक्षणाची पाळी आमची होती आणि शेवटच्या तुकडीत दर्शनाचं नाव होतं. राखीव मुलगी बुटांच्या नाड्या बांधून तयारच बसली होती. दर्शनाने नुसतं बाद व्हायचं ठरवलं असतं तरी सामना गेला असता, आणि मुद्दाम बाद झालेली मुलगी ओळखायला जगात एकही पंच नाही. दुसरीकडे, माझ्या हातात होता फक्त संशय. संशय मी रोज घेते, पण त्याच्या जोरावर कोणाला मैदानाबाहेर काढलं नाही. दर्शना पाणी पीत होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुकड्या आहेत तशाच," मी पंचांना सांगितलं.

पहिल्या दोन तुकड्या गेल्या. तिसरीतल्या दोघी गेल्या. आता दर्शना एकटी आत, दोन्ही संघांचे गुण सारखे आणि थोडा वेळ शिल्लक. ती बाद झाली की सामना त्यांचा.

तिने साखळी धरली नाही आणि रिंगही धरली नाही. ती मैदानाच्या मधोमध गेली आणि चक्क चालू लागली. पाठलाग करणारीकडे तिचं लक्षच नव्हतं. ती बसलेल्या मुलींकडे पाहत होती. एकीसमोरून जाताना तिने नुसता खांदा झुकवला. ती मुलगी कधीची टाचा उचलून बसली होती, ताडकन उठली. खो मिळालाच नव्हता. शिट्टी वाजली, फाऊल. पाठलाग उलट फिरला. दर्शना दोन पावलं चालली, दुसरीसमोर मान वळवली. तीही उठली. पुन्हा शिट्टी.

मी या खेळात हूल द्यायला शिकवते ती मागे लागलेल्या मुलीला. बसलेल्या मुलींना हूल द्यायची हे मला कधी सुचलं नव्हतं. राऊतसरांनी आपल्या मुलींना आमचे डाव इतके पढवले होते की त्या बसलेल्या राहिल्याच नव्हत्या, मनाने आधीच उठलेल्या होत्या. दर्शना फक्त त्यांना उठायचं निमित्त देत होती. राऊतसर रेषेबाहेरून ओरडत होते, "बसा! बसून राहा!" मग त्या इतक्या घट्ट बसल्या की खरा खो मिळाला तेव्हा उठायलाच उशीर झाला. दर्शना त्यांच्या मधून आरपार निघून गेली. शेवटची शिट्टी झाली तेव्हाही ती मैदानात उभी होती.

जादा डावात आम्ही एका गुणाने जिंकलो. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या मुली हादरल्या होत्या.

राऊतसर हात मिळवायला आले. मी सरळ विचारलं, "शनिवारचं गॅलरीतून पाहिलंत. रविवारचं कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं?" ते म्हणाले. "शनिवारी तुमच्या मुली एकदाही धडपडत नव्हत्या. खरा सराव असा असतो का? शिवाय सासूबाई म्हणाल्या, बाई हल्ली वर बघून शिट्टी वाजवतात. म्हटलं, साखळी दाखवताहेत म्हणजे रिंग लपवताहेत. दुसरं आहे काय तुमच्याकडे?"

हे खरं असेल. नसेलही. त्यांच्या बोलण्यातला गोडवा मला अजून खटकतो. पण दर्शनाबद्दल मला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही. ज्या मुलीला सामना द्यायचा असतो ती असं खेळत नाही.

रिक्षा शोधायला निघण्याआधी मी तिला विचारलं, "बसलेल्यांना हूल द्यायचं हे कुठे शिकलीस?"

"राजोडीला. वाळूत. तुम्ही रिक्षाने गेल्यावर या मागे ऱ्हायच्या ना माझ्या बाबांसंगती, समुद्रात पाय घालायला. तवा."

"या म्हणजे? सगळ्या?"

"सगळ्या."

"मग मला का नाही सांगितलंत?"

सिद्धीला एकदम पाण्याची बाटली पिशवीत नीट बसवायची आठवण झाली.

"सांग गं."

"तुम्हाला राग येल, बाई."

"येऊ दे."

"गौरीला तुम्ही त्या सरांसंगती जेवलात ना," दर्शना म्हणाली. "सिद्धीने बघितलं. दोघं हसत जिना उतरलात. आनि लगेच दोन-दोन डाव सुरू केलेत, का ते विचारू नका म्हनालात. मग आम्ही ठरवलं, तुम्हाला काय सांगायचं नाय. पुढच्या तुकड्यांनी तुमचा डाव खेळायचा, म्हंजे तुम्हाला पन संशय येनार नाय. शेवटी मी आपला खेळनार."

मी सगळ्यांकडे पाहिलं. कुठल्या तरी रविवारी, मी परतीच्या रिक्षात असताना, या मुलींनी बैठक घेतली होती, डाव शोधला होता, घोटला होता, कोणी कधी काय करायचं ते वाटून घेतलं होतं आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत माझ्यासारख्या बाईला त्याचा वाससुद्धा लागू दिला नव्हता. मी गॅलरीची सगळी हकिकत त्यांना सांगितली. काकू, बाळंतपण, खुर्ची, चहा, काही लपवलं नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं. एक-दोघी हसल्या.

"बरं," मी म्हटलं, "आता जिल्ह्याला काय खेळणार आहात?"

दर्शनाने सिद्धीकडे पाहिलं. सिद्धीने बाकीच्यांकडे पाहिलं.

"बघू, बाई," सिद्धी म्हणाली.